एकखांबी तंबू पाच खांबांवर नेताना: प्रकल्प नोंदी

प्रकल्प: सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामाने रकाने तोडलेला साधा मजकूर) वाचणारी आणि लिहिणारी मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड. कोड साधारण ६,००० ओळी, टेस्ट त्याच्या दीडपट. चार वर्षं सगळं एकाच मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) हातात होतं. आता कमिटचे अधिकार (कमिट म्हणजे गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नोंदवलेला एक बदल) पाच जणांकडे आहेत. पाचही जण वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये, आपापली नोकरी सांभाळून काम करणारे. या नोंदी त्या बदलाच्या ६६ दिवसांच्या. जे पहिल्या फटक्यात जमलं ते एका ओळीत उरकलंय. जे फसलं ते सविस्तर आहे.

दिवस १: मोजदाद

उघड्या पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती) ४१, उघडे इश्यू (कळवलेल्या चुका आणि मागण्या) १६३. एकही नियम करण्याआधी ४१ च्या ४१ पीआर उघडून एकच गोष्ट पाहिली: ही कुणासाठी थांबलीय? २३ पीआर पहिल्या उत्तराची वाट बघत होत्या, ११ मध्ये पाठवणाऱ्याकडून बदल यायचे होते, ७ मर्ज कॉन्फ्लिक्टमध्ये (दोन बदल एकत्र करताना होणारी टक्कर) अडकल्या होत्या.

थोडक्यात, कोड लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. नव्या चौघांनीही येऊन कोडच लिहिला तर रांग आणखी लांबेल. म्हणून पहिले दोन आठवडे नवं फीचर बंद, फक्त रांग उपसायची. (तिसऱ्याच दिवशी नव्या फीचरची पीआर आली, तीही आमच्यातल्याच एकाची. परत पाठवली.)

त्या ११ पैकी सहा जणांकडून उत्तर आलंच नाही. वर्ष-दीड वर्षाने विचारल्यावर येणार तरी कसं? त्यांचं काम आम्ही पुढे नेलं, पण नाव त्यांचंच ठेवून. गिट चेरी-पिकने (एखादा कमिट उचलून दुसरीकडे लावणं) मूळ लेखकाचं नाव टिकतं. फाइली कॉपी करून नव्याने कमिट केलं तर ते जातं. एका पीआरमध्ये नेमकं तेच झालं आणि मर्ज झाल्यावर लक्षात आलं. मेनचा (मुख्य ब्रँचचा, म्हणजे कोडच्या मूळ शाखेचा) इतिहास बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून श्रेयनामावलीच्या फाइलीत नाव घातलं. आता दोघांचं काम एकत्र होत असेल तर कमिट संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' ही ओळ हवीच.

दिवस २ ते ८: लायसन्स, वाया गेलेले सहा दिवस

पॅकेजच्या माहितीत 'एमआयटी' (फारशा अटी नसलेलं लायसन्स) लिहिलेलं, पण रेपोत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) लायसन्सची फाइल नाही. फाइल टाकायला पाच मिनिटं लागली. टाकण्याआधी सगळ्या फाइलींची शीर्षकं तपासली तेव्हा एन्कोडिंग ओळखणाऱ्या एका फाइलीच्या डोक्यावर जीपीएल आवृत्ती २ या लायसन्सचा (त्यातला कोड घेऊन केलेलं कामही त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं) मजकूर सापडला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्या साधनातून २४० ओळी उचलून आणल्या होत्या आणि त्या तशाच मर्ज झाल्या होत्या. जीपीएलचा कोड पोटात ठेवून अख्खी लायब्ररी एमआयटीखाली देता येत नाही. रस्ते दोनच होते: लायब्ररीचं लायसन्स बदलायचं, म्हणजे आजवर कोड दिलेल्या १९ जणांची संमती गोळा करायची, किंवा तो भाग काढून नव्याने लिहायचा.

दुसरा रस्ता धरला. ज्या सदस्याने ती फाइल कधी उघडलीही नव्हती त्याच्याकडे फक्त टेस्ट आणि अपेक्षित उत्तरं दिली, आणि त्याने भाग नव्याने लिहिला. सहा दिवस गेले. पहिल्याच दिवशी शीर्षकं शोधणारी एक साधी ग्रेप चालवली असती तर निदान आराखडा तरी वेगळा आखला असता.

यापुढे असं होऊ नये म्हणून प्रत्येक कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ सक्तीची केली. लिनक्स कर्नलमध्ये ही पद्धत २००४ पासून आहे: हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असं देणारा स्वतः लिहून देतो. वेगळा करारनामा सही करून घेण्यापेक्षा हे हलकं पडतं. अडचण एकच, पण रोजची: गिट कमिटला लहान 'एस' दिला तर ही ओळ येते, मोठा 'एस' दिला तर क्रिप्टोग्राफिक सही होते. पहिल्या आठवड्यात चार जणांनी मोठा दिला आणि तपासणी लाल (नापास) का म्हणून विचारत राहिले. राहिलेल्या ओळी एकदम घालायला 'गिट रीबेस --साइनऑफ मेन' पुरतं. त्यानंतर ब्रँच पुन्हा पुश करावी (रेपोत पाठवावी) लागते. ही आज्ञा आता तपासणीच्या त्रुटी-संदेशातच छापून येते. योगदानाच्या मार्गदर्शिकेत ती आधीपासून होती, पण मार्गदर्शिका कोण वाचतं.

दिवस ५: कुलपं

मेन ब्रँच बंदिस्त केली: थेट पुश नाही, फोर्स पुश (तिथला इतिहास पुसून आपला बसवणं) नाही, टेस्ट हिरव्या हव्यात, दोन जणांची मंजुरी हवी.

दोन मंजुऱ्या हा अतिउत्साह होता. पाच माणसं, त्यातलं एक पीआर लिहिणारं, उरली चार. त्यातले दोघे झोपलेले आणि एक कामावर. दिवस १४ पर्यंत फक्त तीन पीआर मर्ज झाल्या. मग एका मंजुरीवर आलो. दोन मंजुऱ्या फक्त दोन जागांसाठी ठेवल्या: पार्सरचा (फाइलीतला मजकूर रकान्यांत तोडणाऱ्या कोडचा) गाभा आणि रिलीजच्या स्क्रिप्ट. मंजुरीची संख्या नियमात अख्ख्या मेनसाठी एकच असल्यामुळे 'दुसरी' मंजुरी बॉटने (स्वयंचलित प्रोग्रामने) लेबल पाहून मोजायची, अशी सोय करावी लागली.

कोणत्या फोल्डरचा रिव्ह्यू कुणाकडे जाईल हे ठरवणाऱ्या कोडओनर्स फाइलीनेही एक दिवस खाल्ला. फोल्डरवार नावं वर लिहिली होती आणि 'बाकी सगळं' सांगणारी तारांकित ओळ सगळ्यात खाली. गिटहबवर (गिट रेपो ठेवण्याची सेवा) या फाइलीत शेवटची जुळणारी ओळ लागू होते. तारांकित ओळ सगळ्यालाच जुळते, त्यामुळे प्रत्येक पीआर एकाच माणसाच्या दारात जाऊन पडत होती. सामान्य ओळ वर, नेमकी ओळ खाली.

दिवस ११: फोर्स पुशने पुसलेलं काम

दोघे एकाच फीचर ब्रँचवर काम करत होते. एकाने रीबेस करून (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा रचून) फोर्स पुश केलं आणि दुसऱ्याचे तीन कमिट गेले. मेनला कुलूप होतं, फीचर ब्रँचला नव्हतं.

कमिट परत मिळाले, कारण ज्याने ते केले होते त्याच्या मशीनवरच्या रिफलॉगमध्ये (ब्रँच कधी कोणत्या कमिटवर होती याची गिटची नोंदवही) ते शाबूत होते. रिफलॉग त्या-त्या मशीनपुरता असतो. फोर्स पुश करणाऱ्याला स्वतःच्या मशीनवर शोधून काही सापडत नव्हतं, आणि त्यातच दोन तास गेले. अशा वेळी आधी विचारायचं: हे कमिट कुणाच्या मशीनवर जन्माला आले? तिथे रिफलॉग बघायचा, कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) उचलायचा, त्यावरून नवी ब्रँच काढायची. घाई नसते. कुठल्याच ब्रँचमधून न पोहोचता येणाऱ्या कमिटच्या रिफलॉग नोंदी मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस राहतात.

नुसत्या 'फोर्स'ऐवजी 'फोर्स-विथ-लीज' वापरायचं ठरलं. आपण शेवटचं पाहिलं त्यानंतर दूरच्या ब्रँचवर कुणी काही टाकलं असेल तर हा पर्याय पुश नाकारतो. मेख अशी की आपला एडिटर मागच्या मागे दर काही मिनिटांनी फेच करत (दूरचे नवे कमिट आणत) असेल, तर गिटच्या लेखी आपण ते नवे कमिट 'पाहिलेले' असतात आणि नकार येतच नाही. गिट २.३० पासून 'फोर्स-इफ-इन्क्लूड्स' हा जोडपर्याय आहे, तो ही फट बुजवतो. दोन्ही एकत्र द्यायचे. त्याहून सोपा नियम दुसरा: दोघांच्या सामायिक ब्रँचवर रीबेस करायचाच नाही.

दिवस १४: फॉरमॅटिंग आणि ओळींचे शेवट

तीन ओळी बदललेल्या पीआरमध्ये १,१०० ओळींचा फरक दिसत होता. पाठवणाऱ्याच्या एडिटरने ओळींचे शेवट (ओळ कुठे संपते ते सांगणारी अदृश्य चिन्हं) बदलले होते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत 'तारा टेक्स्ट=ऑटो' (तारा म्हणजे * हे चिन्ह, सगळ्या फाइली) घातलं, 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ' चालवलं, सगळ्या रेपोत एकच शेवट. सोबत स्वयंचलित फॉरमॅटर बसवला आणि त्याचा एकच मोठा कमिट वेगळा ठेवला. त्या कमिटमुळे ब्लेममध्ये (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय) सगळ्या ओळी एकाच माणसाच्या नावावर दिसू नयेत म्हणून त्याचा हॅश 'ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइलीत टाकला. गिटमध्ये ही सोय २.२३ पासून आहे. एका दुपारचं काम. टेस्ट सगळ्या हिरव्या.

दिवस १८: दोन हिरव्या पीआर, लाल मेन

पहिल्या पीआरने एका फंक्शनचं नाव बदललं आणि ते वापरणाऱ्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. दुसऱ्या पीआरने जुन्या नावाने हाक मारणारी एक नवी जागा जोडली. दोन्हींनी वेगळ्या फाइलींना हात लावला होता, म्हणून गिटला कॉन्फ्लिक्ट दिसला नाही. दोन्हींच्या टेस्ट आपापल्या जागी हिरव्या. दोन्ही मर्ज झाल्या आणि मेन तुटली. चार तास ती तुटलेलीच राहिली, कारण तेव्हा जागं असलेल्या सदस्याला वाटलं की बिघाड त्याच्याच ब्रँचमध्ये आहे.

'मर्जआधी ब्रँच मेनशी जुळवलेली हवी' ही अट लावून पाहिली. अट रास्त आहे, पण रांगेत १५ पीआर असल्या की एक मर्ज झाली रे झाली, उरलेल्या चौदा मागे पडतात. प्रत्येकीला पुन्हा जुळवा, पुन्हा २० मिनिटं टेस्ट चालवा. दोन दिवसांत सगळे वैतागले. मग मर्ज रांग सुरू केली: मंजूर झालेली पीआर रांगेत लागते, पुढच्यांसह एकत्र तपासली जाते आणि हिरवी झाली तरच मेनमध्ये जाते. त्यानंतर मेन लाल झाली ती फक्त अस्थिर टेस्टमुळे.

आणि एक नियम भिंतीवर लावल्यासारखा: मेन लाल असेल तर आधी शेवटचा मर्ज उलटवायचा, कारण नंतर शोधायचं. उलटवणं म्हणजे कुणाचा अपमान नाही. दुरुस्त करून तीच पीआर पुन्हा येते.

दिवस २२: एकावर एक रचलेल्या पीआर

मोठं काम तीन पीआरमध्ये तोडलं. दुसरी पहिलीच्या ब्रँचवर, तिसरी दुसरीच्या. पहिली स्क्वॉश करून मर्ज केली आणि दुसरीत तिच्याच बदलांचे कॉन्फ्लिक्ट उसळले. कारण साधं आहे: स्क्वॉशमुळे पहिलीचे पाच कमिट मेनमध्ये एक नवाच कमिट होऊन गेले, पण दुसरीच्या पोटात ते जुने पाच तसेच आहेत. गिटला ते वेगळं काम वाटतं.

हाताने कॉन्फ्लिक्ट सोडवत बसू नका. 'गिट रीबेस --ऑन्टो मेन पहिली दुसरी': पहिलीपर्यंतचं सगळं सोड, त्यानंतरचे दुसरीचे कमिट तेवढे उचलून मेनवर ठेव. यासाठी पहिलीची ब्रँच आपल्या मशीनवर जिवंत हवी; मर्ज झाल्याबरोबर ती पुसायची सवय असेल तर तिच्या टोकाचा हॅश आधी लिहून ठेवा.

दिवस २७: सीआय

सीआय म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा. तिच्या दोन स्वतंत्र भानगडी.

पहिली गंभीर. फोर्कमधून (बाहेरच्याने काढलेली रेपोची प्रत) आलेल्या पीआरच्या तपासणीला रेपोची गुप्त टोकनं (प्रवेशाच्या किल्ल्या) मिळत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे बाहेरच्यांच्या पीआरवर टेस्ट-कव्हरेजचा (किती कोड टेस्टखाली येतो त्याचा) अहवाल येत नव्हता. एका सदस्याने उपाय म्हणून ट्रिगर बदलून 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' केला. अहवाल यायला लागले. मात्र हा ट्रिगर मूळ रेपोच्या अधिकारांनी चालतो. त्यातच पीआरचा कोड उतरवून बिल्ड केला तर अनोळखी माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट आपल्या टोकनांसह चालते. दोन दिवस हे उघडं होतं. गैरवापराची खूण सापडली नाही, तरी सगळी टोकनं रद्द करून नवी काढली. क्रम लक्षात ठेवा: आधी रद्द, मग साफसफाई. फुटलेलं टोकन इतिहासातून खोडत बसून उपयोग नाही. फोर्क आणि क्लोनमध्ये ते केव्हाच पोहोचलेलं असतं.

दुसरी भानगड अस्थिर टेस्टची. एक टेस्ट दिवसाच्या ठरावीक तासांतच पडायची. ती 'आजची तारीख' स्थानिक वेळेने काढत होती आणि लायब्ररी यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने). लिहिणाऱ्याच्या मशीनवर ती कधीच पडली नाही, कारण तो दिवसा काम करायचा. आता टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून द्यायचं, आणि टेस्टचा क्रम दर वेळी पिसायचा. क्रम पिसल्यावर एकमेकींच्या उरल्यासुरल्या फाइलींवर जगणाऱ्या आणखी तीन टेस्ट उघड्या पडल्या.

दिवस ३१: रिव्ह्यू कसा लिहायचा

रांग ४१ वरून १९ वर आली होती, तरी पाठवणारे मध्येच सोडून जात होते. सोडलेल्या पीआर पुन्हा वाचल्यावर कारण दिसलं. एका पीआरवर नऊ टिप्पण्या: सहा नावं आणि मोकळ्या जागांबद्दल, दोन 'हे असं का केलंय?' छापाच्या, आणि एक खरी चूक दाखवणारी. मर्ज होण्यासाठी नेमकं काय करायचं ते नऊंमधून कळतच नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक टिप्पणीच्या आरंभी एक शब्द लिहायचा: 'अडतं', 'सुचवतो' किंवा 'शंका'. 'अडतं' दुरुस्त झाल्याशिवाय मर्ज नाही. 'सुचवतो' पाठवणाऱ्याच्या मर्जीवर. 'शंका' म्हणजे वाचणाऱ्याला कळलं नाही, उत्तर दिलं की झालं. मोकळ्या जागांबद्दल माणसाने बोलायचं नाही, ते फॉरमॅटर बघतो.

'हे असं का केलंय?' ही टिप्पणी आज अशी लिहिली जाते: 'अडतं: कोट-चिन्हांच्या आत नवी ओळ आली तर हा लूप तिथेच थांबतो आणि उरलेला मजकूर पुढच्या रकान्यात जातो. अशा दोन ओळींच्या रकान्याची टेस्ट जोडा. ती हिरवी झाली की माझी मंजुरी.' लिहायला चार मिनिटं जास्त लागतात. पण 'कोणती टेस्ट?', 'कुठे?' अशी फेरी टळते, आणि टाइम झोन वेगळे असले की एकेक फेरी म्हणजे एकेक दिवस.

आणखी दोन आकडे ठरवले. ४८ तासांत पहिलं उत्तर, मग ते 'पाहिलं, शनिवारी वाचतो' एवढंच असलं तरी चालेल. आणि टेस्ट सोडून ३०० ओळींपेक्षा मोठी पीआर तोडून मागायची. मोठी पीआर आली की वाचणारा वरवर चाळतो आणि 'छान आहे' लिहून मोकळा होतो. तीन दिवसांपूर्वी मर्ज झालेली ९०० ओळींची वेगवाढीची पीआर अशीच गेली. ती जुन्या रांगेतली होती.

दिवस ३९: निर्णय

स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने तोडलेल्या फाइली आपोआप ओळखायच्या की वापरणाऱ्याने सांगायचं? ८७ टिप्पण्या, तीन आठवडे, निर्णय शून्य. दोघांचा ठाम विरोध, दोघांचा पाठिंबा, पाचव्याने वाचणंच सोडून दिलं होतं.

अपाचे या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांत चालणारी पद्धत घेतली. प्रस्ताव लिहून मांडायचा, किमान ७२ तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. हरकतीसोबत तांत्रिक कारण हवं. 'मला पटत नाही' ही हरकत धरली जात नाही. ७२ तासांमागे हेतू असा की कोणत्याही टाइम झोनचा, नोकरी करणारा माणूसही तेवढ्यात एकदा तरी बघू शकतो.

या प्रश्नावर खरी हरकत एकच निघाली: एकाच रकान्याच्या फाइलीत मजकुरातला अर्धविराम पाहून लायब्ररी चुकीचा अंदाज करते. त्यामुळे ठरलं, आपोआप ओळखणं मूळ सेटिंगमध्ये बंद. निर्णय रेपोतल्याच 'निर्णय' फोल्डरमध्ये अर्ध्या पानात लिहिला: प्रश्न, ठरलं काय, कोणता पर्याय का सोडला. शेवटचा भाग सगळ्यात कामाचा. तोच प्रश्न दिवस ५० ला पुन्हा आला तेव्हा उत्तर म्हणून फक्त दुवा दिला. चॅटमध्ये ठरलेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच सापडत नाही. म्हणून चॅटमध्ये बोला खुशाल, पण फोल्डरमध्ये नसेल तर ते ठरलेलं नाही.

दिवस ४४: बॉट बसवला, बॉट काढला

९० दिवस हालचाल नसलेले इश्यू आपोआप बंद करणारा बॉट बसवला. एका रात्रीत ७२ इश्यू बंद. त्यात डेटा हरवणाऱ्या दोन खऱ्या चुका होत्या, पूर्ण नमुन्यासह कळवलेल्या. त्यांवर हालचाल नव्हती ती आमच्याकडून. लोक चिडले आणि रास्तच चिडले. दुसऱ्या दिवशी बॉट काढला आणि ७२ इश्यू उघडून हाताने चाळले. दोघांचे मिळून साडेपाच तास.

आता बॉट फक्त 'माहिती हवी' हे लेबल असलेल्या इश्यूंना हात लावतो, म्हणजे चेंडू कळवणाऱ्याच्या कोर्टात असतो तेव्हाच. 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी' हे लेबल लावतानाही फाइलीचं नाव, अपेक्षित उत्तर आणि कोणती टेस्ट लाल व्हायला हवी, हे तिन्ही इश्यूत लिहिल्याशिवाय लावायचं नाही.

दिवस ५१: रिलीज ३.२.०

सगळं तयार, आणि पॅकेज रजिस्ट्रीवर (जिथून लोक लायब्ररी उतरवून घेतात) प्रकाशनाचा अधिकार एकाच खात्याला. त्या खात्याचा दुसऱ्या टप्प्याचा कोड ज्या फोनवर यायचा तो बिघडलेला, आणि रिकव्हरी कोड कुठे ठेवले ते आठवत नाही. रजिस्ट्रीकडून खातं परत मिळेपर्यंत दोन दिवस थांबलो. आता तीन मालक आहेत, आणि प्रत्येकाने आपले रिकव्हरी कोड कागदावर घेतल्याचं तोंडी नव्हे, यादीत खूण करून सांगितलंय.

रिलीजची टारबॉल (सगळ्या फाइलींची दाबलेली एक गठडी) आता कुणाच्याही मशीनवर बनत नाही. टॅगवरून (कमिटला लावलेली आवृत्तीची खूण) सीआय ती बनवतं आणि दुसरा सदस्य ती उलगडून रेपोतल्या फाइलींशी ताडून बघतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जे मागचं दार सापडलं, त्याला चालना देणारी बिल्ड स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिट रेपोत नव्हती. नुसता रेपो वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. ताडताना दाबलेल्या फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) घेऊ नका. दाबण्याची पद्धत जरा बदलली तरी तो बदलतो आणि आतला मजकूर तोच असतो. उलगडून डिफ करा (फरक काढा).

दिवस ५४: दिवस १४ ची नोंद चुकीची होती

३.२.० आल्यानंतर तक्रार: शेवटच्या रकान्याचं नाव जुळत नाही. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. लांबी छापली तेव्हा पाचाच्या जागी सहा. शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटाचं एक चिन्ह) चिकटलेला. सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या आरएफसी ४१८० मध्ये ओळीचा शेवट कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड मिळूनच होतो, म्हणजे अगदी शुद्ध फाइलच आमच्याकडे चुकत होती.

३.१.० आणि ३.२.० च्या मध्ये ११८ कमिट. गिट बायसेक्टला (मधला कमिट तपासून दर वेळी अर्धे बाद करत चूक शोधणं) सात पायऱ्या पुरल्या. तपासणारी स्क्रिप्ट आणि नमुना फाइल रेपोच्या बाहेर ठेवा. आत ठेवल्या तर प्रत्येक पायरीला गिट जुन्या आवृत्त्या उतरवतं आणि तपासणीच बदलते. स्क्रिप्टने ० परत दिला तर बरोबर, १२५ दिला तर 'हा कमिट वगळ' (बिल्डच होत नसेल तेव्हा), १ ते १२७ मधलं बाकी काहीही म्हणजे चूक.

बोट गेलं ते त्या ९०० ओळींच्या वेगवाढीच्या पीआरकडे. स्क्वॉश केल्यामुळे ती एकच कमिट, त्यामुळे आत नेमकी कोणती ओळ ते हाताने शोधावं लागलं. तीन तास. कॅरेज रिटर्न काढणारी एक ओळ 'अनावश्यक' म्हणून गेली होती.

पण टेस्ट हिरव्या कशा राहिल्या? कॅरेज रिटर्नच्या शेवटाची टेस्ट होती की! ती ज्या नमुना फाइलीवर चालायची ती उघडली, तर तिच्यात एकही कॅरेज रिटर्न नाही. दिवस १४ च्या रीनॉर्मलाइझने कोडसोबत टेस्टच्या नमुना फाइलीही 'सुधारल्या' होत्या. चाळीस दिवस ती टेस्ट साध्या फाइलीवर चालत होती आणि पास होत होती.

दुरुस्ती तीन भागांत. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये नमुन्यांच्या फोल्डरसाठी '-टेक्स्ट', म्हणजे गिटने त्या फाइलींचे शेवट बदलायचे नाहीत. ही ओळ तारांकित ओळीच्या खाली हवी, इथेही खालची ओळच जिंकते. मग त्या फाइली दिवस १४ च्या आधीच्या कमिटमधून परत आणल्या. आणि एक नवी टेस्ट, जी लायब्ररी तपासतच नाही: नमुना फाइलीत १३ आणि १० (कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड) हे बाइट लागोपाठ आहेत का, एवढंच बघते.

३.२.१ त्याच रात्री काढली. ३.२.० च्या जागी दुरुस्त फाइल त्याच क्रमांकाने चढवण्याची सूचना आली होती, ती नाकारली. एकदा प्रकाशित झालेला क्रमांक पुन्हा वापरला की लोकांच्या लॉक फाइलींमधले (कोणती आवृत्ती वापरायची ते पक्कं करणाऱ्या फाइली) चेकसम जुळत नाहीत, आणि दोन माणसांकडे एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

दिवस ६३: सहावी व्यक्ती

बाहेरून चांगलं काम करणाऱ्या एका योगदानकर्तीला अधिकार द्यायचा प्रस्ताव. त्याच आठवड्यात दुसऱ्या, फारसं काम न केलेल्या दोन खात्यांनी 'प्रकल्प संथ आहे, अमुकला लगेच अधिकार द्या' असा तगादा लावला होता, तोही भलत्याच तिसऱ्यासाठी. एक्सझेडमध्येही थकलेल्या एकट्या मेंटेनरवर असाच दबाव आधी आणला गेला होता, त्यामुळे तगाद्याला उत्तर एकच: निकष लिहिलेले आहेत, ते वाचा. निकष असे: किमान तीन महिने, दहा मर्ज झालेल्या पीआर, आणि इतरांच्या पीआरवर किमान दहा रिव्ह्यू. शेवटची अट सगळ्यात जास्त गाळते. योगदानकर्तीचे रिव्ह्यू १४ होते. ७२ तासांत हरकत आली नाही. सुरुवातीला मर्जचा अधिकार दिला, रिलीजचा नाही.

दिवस ६६: आकडे

उघड्या पीआर ८, सगळ्यांवर किमान एक उत्तर. इश्यू १२१. सगळ्यात जुनी पीआर २६ दिवसांची, पार्सरच्या गाभ्याची. दोन मंजुऱ्यांपैकी एक मिळालीय. गाभा नीट ओळखणारे अजून दोघेच आहेत आणि त्यातल्या एकाने ती पीआर लिहिलीय, म्हणून दुसरी मंजुरी द्यायला कुणी नाही. पुढच्या आठवड्यात तिसरी सदस्य त्या पीआरचा रिव्ह्यू लिहिणार आणि गाभा जाणणारा दुसरा फक्त तिच्या शंकांना उत्तरं देणार.